हिरवे कण, काळे कण

१९८७ च्या फेब्रुवारीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एक बातमी येऊन पोचली, पण ती अर्धीच होती. ह्यूस्टनला पॉल चू यांनी १६ तारखेला पत्रकार परिषद घेऊन सांगितले होते की त्यांच्या आणि अलाबामातल्या मॉ-क्वेन वू यांच्या हाती एक पदार्थ लागला आहे. ९३ केल्विनला, म्हणजे उणे १८० अंश सेल्सिअसला, त्याचा विद्युत्‌रोध कोसळायला लागतो. पदार्थ कोणता, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. निबंध छापून यायला मार्च उजाडणार होता. त्यातही गंमत अशी की निबंधाच्या मूळ प्रतीत इट्रियमच्या जागी इटर्बियमची खूण पडली होती. चू यांचे म्हणणे, ती टंकलेखनातली चूक. छपाईच्या तोंडावर ती दुरुस्त झाली. ज्यांच्या कानावर आधीच काही गेले होते ते मधल्या काळात भलत्याच मूलद्रव्याच्या मागे लागले. खरे-खोटे चू जाणोत. पण त्या महिन्यांत जगभरच्या पदार्थवैज्ञानिकांचे वागणे पाहिले की चूक मुद्दाम केली असली तरी नवल वाटत नाही.

९३ या आकड्यासाठी इतकी धावपळ का? हेइके कॅमरलिंग ऑनेस यांनी १९११ साली लायडनला पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला, तेव्हापासून ही रोध नाहीसा होण्याची अतिसंवाहकता द्रव हेलियमच्या आश्रयाने जगणारी गोष्ट होती. हेलियम महाग, जपायला अवघड, आणि भारतासारख्या देशात मोजक्याच ठिकाणी मिळणारा. १९७३ पर्यंत नायोबियम आणि जर्मेनियमच्या एका मिश्रधातूने २३ केल्विनपर्यंत मजल मारली, आणि मग सगळे तिथेच अडकले. १९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेऑर्ग बेडनॉर्ट्‌झ आणि आलेक्स म्युलर यांनी लॅन्थनम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे पाहिली. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'शक्य' हा शब्द घातला होता, इतके ते सावध होते. पण ३० केल्विनलाही हेलियम लागतोच. द्रव नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला. चू यांचा पदार्थ त्याच्या वरच्या बाजूला होता. नायट्रोजन हवेतूनच काढता येतो आणि कुठल्याही बऱ्या महाविद्यालयाला परवडतो. म्हणजे हा खेळ आता गरीब प्रयोगशाळांनाही खेळता येणार होता.

बंगळूरच्या ज्या प्रयोगशाळेला तो खेळता आला तिचे प्रमुख होते चिंतामणी नागेश रामचंद्र राव, म्हणजे सी. एन. आर. राव. तेव्हा ते संस्थेचे संचालकही होते. त्यांचा जन्म ३० जून १९३४ चा, बंगळूरचाच. वडील नागेश राव शिक्षण खात्यात शाळा तपासनीस. आई नागम्मा यांनी एकुलत्या एका मुलाला घरीच पुराणकथा आणि अंकगणित शिकवले, आणि सहाव्या वर्षी तो एकदम वरच्या शाळेत जाऊन बसला. १९४४ साली तो लोअर सेकंडरीत पहिल्या वर्गात उतरला तेव्हा वडिलांनी चार आणे बक्षीस दिले. पुढच्या आयुष्यात आलेल्या पदकांची यादी पाहता हे चार आणे पहिल्या ओळीत लिहायला हवेत.

हायस्कूल बसवनगुडीतले, आचार्य पाठशाला. बसवनगुडीचे नाव नंदीच्या देवळावरून पडले. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, ती कडलेकाई परिषे. पण वस्ती म्हणून हा भाग जुना नाही. तो आखला गेला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आणि १८९८ च्या प्लेगने पेठेतल्या लोकांना मोकळ्या जागेत ढकलले तेव्हा झपाट्याने भरला. वर्षभर आधी पुण्यात जे झाले तेच इथे. रुंद रस्ते, झाडे, गांधी बझारची फुले आणि मध्यमवर्गीय घरांत अभ्यासाचा धाक, अशी ही वस्ती. कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली याच परिसरात लोकशिक्षणासाठी संस्था काढली, ती गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने. ती गोखले संस्था आजही तिथे आहे. राव त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे, तिथल्याच शाळेत. सी. व्ही. रामन त्यांच्या शाळेत आले होते आणि नंतर मुलांना त्यांची प्रयोगशाळाही पाहायला मिळाली, ही आठवण राव पुढे वारंवार सांगत आले. नोबेल मिळवलेला माणूस आपल्याच गावात, चालत-सायकलवर जाण्याच्या अंतरावर राहतो, हे त्या वयाच्या मुलाला कळणे ही साधी गोष्ट नव्हे.

पुढचे टप्पे भराभर. सेंट्रल कॉलेजातून सतराव्या वर्षी बी. एस्सी., १९५३ साली बनारसहून एम. एस्सी., पर्ड्यू विद्यापीठातून १९५८ साली डॉक्टरेट, मग बर्कलीला केनेथ पिट्झर यांच्याकडे काही काळ. १९५९ साली ते विज्ञान संस्थेत व्याख्याता म्हणून परतले. पगार पाचशे रुपये. अमेरिकेत ज्या यंत्रांवर हात बसला होता तसली यंत्रे इथे नव्हती. १९६३ साली ते नव्याने उभ्या राहणाऱ्या कानपूर आयआयटीत गेले. तिथे अमेरिकन विद्यापीठांची मदत होती, आणि कामाला मोकळे रान होते.

कानपूरला रावांनी जो विषय निवडला तो त्या काळी रसायनशास्त्राच्या कुठल्याच खान्यात नीट बसत नव्हता: घन पदार्थांचे रसायन. बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना द्रावणातले रेणू प्रिय, आणि स्फटिक भौतिकवाल्यांचे. राव मधोमध उभे राहिले. धातूंची ऑक्साइडे घ्यायची, एका मूलद्रव्याच्या जागी दुसरे घालायचे, आणि विजेचा व चुंबकत्वाचा स्वभाव कसा पालटतो ते पाहायचे. लॅन्थनम निकेल ऑक्साइड, लॅन्थनम कॉपर ऑक्साइड अशा पदार्थांत धातू आणि ऑक्सिजनचे अणू एकावर एक थरांत बसलेले असतात. १९७३ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी पी. गांगुली यांनी या थरांच्या रचनेच्या ऑक्साइडांतून वीज कशी वाहते यावर निबंध लिहिला. गांगुली पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. हा निबंध तेव्हा किती जणांनी वाचला असेल? या पदार्थांचा काही उपयोग होईल असे कुणी म्हणत नव्हते, रावही नाही.

१९७६ साली सतीश धवन संचालक असताना ते बंगळूरला परतले आणि घन-अवस्था व रचनात्मक रसायनाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. ऑक्साइडांचे काम चालूच राहिले.

म्हणून १९८६ च्या अखेरीस टोकियोच्या गटाने बेडनॉर्ट्‌झ-म्युलर यांच्या मिश्रणातला नेमका अतिसंवाहक भाग ओळखला, तेव्हा बंगळूरच्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. तो निघाला लॅन्थनम कॉपर ऑक्साइड, थोडे बेरियम मिसळलेले. ज्या पदार्थावर दहा-बारा वर्षे काम केले तोच. त्यात बेरियम घालून हेलियमच्या थंडीत तो मोजला असता तर? फ्रान्समध्ये काँ इथल्या बेर्नार राव्हो यांच्या गटाची गत याहून चटका लावणारी. त्यांनी बेरियम घातलेले ऑक्साइड खरोखरच बनवले होते, त्यावर निबंध छापला होता, आणि बेडनॉर्ट्‌झ तोच निबंध वाचून कामाला लागले होते. फक्त फ्रेंचांनी ते पुरेसे थंड करून पाहिले नव्हते.

भारताचे नोबेल हुकले, असा सूर यावरून अधूनमधून लागतो. मला तो पटत नाही. पदार्थ कपाटात असणे वेगळे आणि त्याला योग्य प्रश्न विचारणे वेगळे. झुरिकच्या दोघांनी तो प्रश्न ठरवून विचारला होता. रावांच्या गटाला रस होता चुंबकत्वात, आणि धातू होणे-न होणे यांच्या सीमारेषेत. पण त्या जुन्या कामाचे व्याज मिळाले, आणि ते १९८७ च्या मार्चच्या आसपास मिळाले.

इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन, एवढे कळले तरी कोडे सुटत नव्हते. चू आणि वू यांचा नमुना शुद्ध नव्हता. तो हिरव्या आणि काळ्या कणांचा खिचडा होता, आणि अतिसंवाहक यांतला कोणता, त्याचे सूत्र काय, हे ठाऊक नव्हते. पहिला अंदाज सगळ्यांचाच तोच: लॅन्थनमच्या जागी इट्रियम घाला, रचना आधीचीच असेल. बंगळूरच्या गटाने हा रस्ता धरला नाही, कारण तो बंद आहे हे त्यांना अनुभवाने माहीत होते. इट्रियमचा अणू लॅन्थनमपेक्षा लहान. त्याचे कॉपर ऑक्साइड त्या थरांच्या रचनेत बसतच नाही. म्हणजे अतिसंवाहक पदार्थाची रचना दुसरीच असणार.

दुसरी कोणती? राव्हो यांच्या गटाने तयार केलेले आणखी एक ऑक्साइड त्यांना माहीत होते. त्यात तीन लॅन्थनम, तीन बेरियम, सहा तांबे आणि चौदा ऑक्सिजन. लॅन्थनमच्या जागी इट्रियम घालून त्यांनी तिथून सुरुवात केली आणि मग एकेक इट्रियम काढून बेरियम घालायला लागले. तीन-तीन-सहा. एक इट्रियम कमी, एक बेरियम जास्त: दोन-चार-सहा. दोनने भागले की एक-दोन-तीन. एक इट्रियम, दोन बेरियम, तीन तांबे, आणि सात ऑक्सिजन. जगभर 'वन-टू-थ्री' म्हणून ओळखला गेलेला पदार्थ बंगळूरला असा बेरजा-वजाबाक्या करत सापडला.

करायची कृती दिसायला सोपी. इट्रियमचे ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि काळे कॉपर ऑक्साइड तोलून घ्यायचे, अगेटच्या खलात घोटायचे आणि भट्टीत साडेनऊशे अंशांच्या आसपास तापवायचे. बाहेर काढून पुन्हा घोटायचे, पुन्हा तापवायचे. मग पुडीची दाबून चकती करायची. खरी मेख शेवटी आहे: ती चकती ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश निवू द्यायची. घाई केली की ऑक्सिजन कमी पडतो. सातऐवजी सहाच्या जवळ गेला की तोच पदार्थ, तेच तीन धातू, पण अतिसंवाहक तर नाहीच, विजेचा वाहकही नाही. तोलण्यात चूक झाली तर खलात हिरवट झाक येते. ते हिरवे म्हणजे दोन इट्रियम, एक बेरियम, एक तांबे असे भलतेच संयुग, आणि अतिसंवाहकतेच्या दृष्टीने निरुपयोगी. हवे ते काळे. चकतीला चार तारा जोडून ती नायट्रोजनात उतरवायची. बाहेरच्या दोन तारांतून वीज सोडायची, आतल्या दोन तारांवर विजेचा दाब मोजायचा, आणि आकडा शून्यावर येतो का पाहायचे.

राव, गांगुली, भौतिकशास्त्र विभागातले अरूप रायचौधुरी आणि दोन तरुण सहकारी यांचा निबंध 'नेचर' साप्ताहिकात एप्रिलअखेर आला. अतिसंवाहकतेला जबाबदार असलेले संयुग ओळखले, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. त्याच आठवड्यांत अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने आणि इतर काही गटांनीही तेच संयुग स्वतंत्रपणे ओळखले. पहिले कोण, यावर वाद घालता येतो. दिवसांचा हिशेब करून तो मिटणारा नाही. १८ मार्चला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात अमेरिकन फिजिकल सोसायटीचे सत्र पहाटे तीन वाजून गेले तरी चालले होते, एवढी त्या दिवसांची नशा. ऑक्टोबरात बेडनॉर्ट्‌झ आणि म्युलर यांना नोबेल जाहीर झाले. शोध छापून झाल्यावर इतक्या लवकर ते क्वचितच मिळते.

मुंबईतही तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी याच काळ्या चकत्या भाजायला घेतल्या होत्या. टाटा संस्थेच्या गटाने पुढे १९९४ साली स्वतःची वाट काढली: इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात १२-१३ केल्विनला अतिसंवाहकता. तापमान कमी, पण पदार्थांचे कुळच नवे, आणि निकेल असून अतिसंवाहक हे आश्चर्य. भारतातून या क्षेत्रात झालेले अगदी स्वतंत्र असे काम मला विचाराल तर तेच. त्याची वर्तमानपत्री चर्चा मात्र फार थोडी झाली.

आगगाड्या हवेत तरंगतील, वीज वाया न जाता गावोगाव पोचेल, ही १९८७ ची स्वप्ने लवकर फिकी झाली. हा पदार्थ शेवटी भाजलेली माती. वाकवला की तुटतो, आणि त्याची तार ओढता येत नाही. आजही इस्पितळातल्या एमआरआय यंत्रात बहुतेक ठिकाणी नायोबियम-टायटॅनियमची तार असते, हेलियमात बुडवलेली.

राव तोवर लहान आकाराच्या जगाकडे वळले होते. १९८९ साली जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे ते संस्थापक. शहराच्या उत्तरेला जक्कूरला ते केंद्र आहे. कोळशाच्या दोन कांड्यांत विजेची ठिणगी पाडून कार्बनचे गोल रेणू आणि नळ्या काढायच्या, इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे फुटलेल्या नळ्याही बनवायच्या, असे काम ए. गोविंदराज वगैरे सहकाऱ्यांबरोबर चालू झाले. सोन्याचा कण लहान करत नेला की कुठल्या आकाराला तो धातूसारखा वागणे सोडतो, हा त्यांचा जुना आवडता प्रश्न इथे नव्याने आला. उत्तर साधारण एका नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पिवळेपणा आणि चकाकी ही सोन्याची नव्हे, सोन्याच्या गर्दीची असते. याच सुमारास पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कात सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण वाढवून दाखवले, तो निबंध २००४ चा. आपल्या परसातल्या वनस्पतीचा हा पराक्रम आपल्याकडे फारसा कुणाच्या कानावर गेलेला दिसत नाही. २००७ साली केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी हजार कोटींचे नॅनो मिशन काढले, त्याचे प्रमुख राव. राजीव गांधींच्या आणि नंतर मनमोहन सिंगांच्या काळात पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते.

आता मानसन्मान. तेहेतिसाव्या वर्षी फॅरडे सोसायटीचे मार्लो पदक, मग भटनागर पुरस्कार, १९७४ साली पद्मश्री, १९८२ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९८५ साली पद्मविभूषण, २००५ साली इस्रायलचा डॅन डेव्हिड पुरस्कार, २००९ साली रॉयल मेडल. पण मला लक्षवेधी वाटते ते रॉयल सोसायटीचेच २००० सालचे ह्यूज पदक. हे पदक मुख्यतः वीज आणि चुंबकत्वातल्या संशोधनासाठी ठेवलेले, म्हणजे भौतिकवाल्यांच्या अंगणातले. ते रसायनशास्त्रज्ञाला मिळाले. राव भौतिकशास्त्रज्ञ की रसायनशास्त्रज्ञ हा घोळ लोक नेहमी घालतात, आणि रॉयल सोसायटीनेही तो घातला असे म्हणायला हरकत नाही. एक-दोन-तीनच्या कोड्यातही मोजमाप भौतिकाचे होते आणि सुटका झाली ती कुठला अणू कुठे मावतो या रसायनाच्या जाणिवेने.

१६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिन तेंडुलकरचा शेवटचा कसोटी सामना संपला, आणि काही तासांत भारतरत्न जाहीर झाले, ते दोघांना. महाराष्ट्रात त्या दिवशी दुसरे नाव किती जणांनी वाचले? बंगळुरात दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी रावांना गाठले, तेव्हा विज्ञानाला मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशावरून त्यांनी राजकारण्यांना सरळ मूर्ख म्हटले आणि नंतर सारवासारव केली. त्या मथळ्यांत मूळ बातमी पुन्हा मागे पडली. रामन आणि कलाम यांच्यानंतर भारतरत्न मिळालेले ते तिसरे वैज्ञानिक.

गौरवग्रंथांत सहसा न येणारी एक गोष्टही इथे नोंदवायला हवी. २०११ साली 'अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स' या नियतकालिकातल्या, राव सहलेखक असलेल्या एका निबंधात दुसऱ्यांच्या लेखातली काही वाक्ये जशीच्या तशी आढळली. लेखकांनी माफी मागितली. निष्कर्षांना धक्का नव्हता, पण सतराशेहून अधिक निबंधांवर नाव असलेल्या माणसाने प्रत्येक ओळ वाचलेली असते का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता.

नॅनो आणि अतिसंवाहकता हे दोन धागे बंगळुरात एकत्र आले ते २०१८ च्या जुलैत, रावांनी १९७६ साली सुरू केलेल्या त्याच विभागात, मात्र त्यांच्या हातून नव्हे. अंशू पांडे आणि देव कुमार थापा यांनी सोन्यात चांदीचे सुमारे एक नॅनोमीटरचे कण रुतवलेल्या पदार्थात २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंशांना, अतिसंवाहकता दिसल्याचा दावा पूर्वप्रत म्हणून जाहीर केला. इतकी थंडी हिवाळ्यात लडाखच्या द्रासलाही पडते, म्हणून जगभर खळबळ उडाली. मग एमआयटीतले ब्रायन स्किनर यांना आलेखात एक खोड दिसली: दोन वेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या मोजमापांतला बारीक थरथराट बिंदूला बिंदू जुळत होता. हा थरथराट यदृच्छेचा असतो, तो दोनदा सारखा येण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी आणखी लेखक आणि अधिक मोजमापे घेऊन दावा नव्याने मांडला गेला. बाहेरच्या प्रयोगशाळांकडून त्याला निर्विवाद दुजोरा मिळालेला नाही.

राव तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. जक्कूरला त्यांचा गट मॉलिब्डेनम सल्फाइडच्या अतिपातळ थरांवर पाण्यातून हायड्रोजन काढण्याच्या खटपटीत होता. हे सल्फाइड एरवी वंगणात घालतात. त्या आणि त्याआधीच्या ऊर्जाविषयक कामासाठी इटलीच्या एनी कंपनीचा २०२० सालचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना जाहीर झाला.